टोचन लावलेल्या गाडीचा ड्रायव्हर कोण?

या महिन्यात बंद पडलेल्या गाड्यांबद्दल आणि त्यांना टोचन लावण्याबद्दल, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याबद्दलच एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. माझं गॅरेज पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकीच्या पायथ्याशी आहे. गाडी उचलून नेणारा ट्रकही आम्ही चालवतो, त्यामुळे हा विषय रोजच्या कामातला. पत्रं थोडी आवरून छापली आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मे महिन्यात पुण्याहून सांगलीला येताना आमची डिझेल गाडी खंबाटकी घाटात चढावर बंद पडली. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने दोर बांधला आणि घाट ओलांडून खाली सुरूरपर्यंत ओढत आणलं. वाट आणि गॅरेज दाखवायला मी टेम्पोत बसलो, आणि आमच्या गाडीचं स्टिअरिंग माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने धरलं. तो सोसायटीच्या आवारात गाडी पुढे-मागे करतो. खाली पोलिसांनी अडवून लायसन्स मागितलं. इंजिन बंद असलेल्या गाडीला लायसन्स कशाला, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी ताकीद देऊन सोडलं. कायदा नेमका काय आहे?
– एक वाचक, सांगली

कायदा आधी सांगतो, कारण तो अगदी स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मध्ये व्याख्या आहेत. त्यातली नववी ‘ड्रायव्हर’ची. एक गाडी दुसरीला ओढत असेल तेव्हा मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरणारा माणूसही ड्रायव्हरच, असं त्या व्याख्येत लिहिलंय. इंजिन चालू हवं, अशी अट तिथे नाही. म्हणजे त्या दिवशी घाटात दोन ड्रायव्हर होते, एक टेम्पोत आणि एक तुमच्या गाडीत. दुसऱ्याचं वय लायसन्स मिळण्याएवढं नव्हतं.

गाडी ओढण्याच्या नियमातही हेच आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत ते होतं आणि त्यांच्या जागी २०१७ मध्ये जे विनियम आले त्यांतही आहे. ओढल्या जाणाऱ्या गाडीत ती गाडी चालवायचं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा. नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने किंवा तशाच साधनाने रस्त्यापासून पक्की वर उचललेली हवीत. तिसरा मार्ग नाही.

पोलिसांनी ताकीदच दिली, हे तुमचं नशीब. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. तुम्ही पालकही आहात आणि मालकही. ‘तू नुसतं स्टिअरिंग धर’ असं म्हणून पार्टीहून परतताना प्यायलेल्या मित्राला मागच्या गाडीत बसवणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, नुसतं स्टिअरिंग धरणं अशी वेगळी गोष्ट कायद्यात नाही.

पण दंडाच्या आकड्यापेक्षा मला त्या सुरूरच्या उताराची जास्त काळजी वाटली. तुमचं पत्र वाचून मी आमच्या पोरांना वाचून दाखवलं, इतका तो भाग जिवाला लागला. का, ते तुम्हाला स्वतःच्या पायाला कळावं म्हणून एक प्रयोग सांगतो.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. आता ब्रेकचं पेडल पाठोपाठ चार-पाच वेळा दाबा. पहिल्या दोन-तीन वेळा ते रोजच्यासारखं आत जाईल. मग वरच अडकेल, दगडासारखं कडक. पाय त्याच्यावर तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखालून हळूच खाली सरकेल. ते सरकणं म्हणजे ब्रेक बूस्टरचं काम. बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या पत्र्याला लागून जो काळा गोल डबा दिसतो, तो हाच. इंजिन चालू असताना त्यात व्हॅक्यूम तयार होतो आणि तुमच्या पायाचा जोर कित्येक पट होऊन चाकांपर्यंत पोचतो. इंजिन बंद पडलं की डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन ब्रेक मिळतात. त्यानंतर ब्रेक लागतो, नाही असं नाही, पण पाठ सीटला टेकवून दोन्ही पाय पेडलवर रोवावे लागतात आणि तरी गाडी थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रस्ता घेते. पॉवर स्टिअरिंगचंही तेच. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

आता दोराकडे या. चढावर दोर ताणलेला असतो, मागच्याला फारसं काही करावं लागत नाही. घाटमाथा ओलांडला की सगळं उलटतं. मागची गाडी स्वतःच्या वजनाने पळायला लागते, दोर सैल पडतो आणि तुमचं बोनेट टेम्पोच्या फाळक्याकडे जातं. मागच्याने वेळेत ब्रेक लावला नाही तर टक्कर. घाबरून जोरात लावला तर सैल दोर एका झटक्यात ताणला जातो आणि हुक, दोर किंवा बंपर यातलं जे कमजोर असेल ते तुटतं. कधी सैल दोर पुढच्या चाकाखाली येतो. दोर ताणलेला ठेवायचं काम सगळं मागच्या ड्रायव्हरचं असतं, सतत अर्धा ब्रेक दाबून, तेही बूस्टर नसलेल्या पेडलवर. दहा-वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूससुद्धा हे घाटात करायला कां-कूं करतो. तुमच्या मुलाने गाडी खाली सुखरूप आणली, पण हे काम त्याच्या पायावर सोपवण्यासारखं नव्हतं.

म्हणून घाटात दोर लावायचा नाही. चढाला नाही आणि उताराला तर नाहीच. गाडी वळणावर अडली असेल तर माणसं लावून, मागच्या चाकाला दगड लावत लावत, कडेच्या रुंद जागेपर्यंत घ्यायची आणि तिथे थांबायचं. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यामुळे १०३३ या महामार्गाच्या मदत क्रमांकाला फोन करता येतो. कुठे आहात हे सांगायला कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून दाखवा. ‘घाटात वळणावर’ एवढंच सांगितलं तर ट्रकवाल्याला अख्खा घाट शोधावा लागतो.

सपाट रस्त्यावर, जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायलाच दोर लावावा लागला, तर त्याचे नियम आहेत आणि ते विचार करून केलेले आहेत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, कारण लांब दोर मधूनच ओलांडायला बघणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. दोर लांबून उठून दिसेल असा हवा. आम्ही मध्यावर लाल फडकं बांधतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ हे इंग्रजी शब्द हवेत, अक्षरांची उंची निदान ७५ मिलिमीटर. पुठ्ठ्यावर लिहून काचेला आतून चिकटवलं तरी मागच्याला वाचता येतं. वेगाचा काटा ताशी पंचविशीच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि नियमात मुळात परवानगी आहे ती बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजला किंवा पंपावर नेण्याची. खंबाटकीत बंद पडलेली गाडी ओळखीच्या मेकॅनिकसाठी दोराने सांगलीपर्यंत न्यायची नाही.

दोर कुठे बांधता यालाही तेवढंच महत्त्व आहे. बहुतेक नव्या गाड्यांच्या बंपरवर एक छोटं चौकोनी किंवा गोल झाकण असतं. ते काढलं की आत आट्यांचं भोक दिसतं. स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये लोखंडी कडी असते, ती तिथे फिरवून बसवायची आणि चाकाच्या पान्याचा दांडा घालून शेवटपर्यंत आवळायची. काही युरोपियन कंपन्यांच्या गाड्यांत हिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवल्यावर बसते. आज घरी उभ्या गाडीत ती कडी आहे का ते बघून घ्या. जुनी गाडी घेतली असेल तर बऱ्याचदा जॅक असतो, कडी नसते. बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला दोर बांधला की गाडी गॅरेजला पोचते, पण चालू होण्यासारखी राहत नाही.

दोर नायलॉनचा पट्टा असावा, गाडीच्या वजनाला पुरून उरेल असा. तो थोडा ताणला जातो, झटका पोटात घेतो. लोखंडी वायर झटका घेत नाही आणि तुटली की चाबकासारखी फिरते. वायर वापरावीच लागली तर तिच्या मध्यावर जाड सतरंजी किंवा जॅकेट टाका आणि ओढताना आजूबाजूच्या बघ्यांना लांब करा. किल्ली ‘ऑन’वर हवी, बाहेर काढली तर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल.

काका, माझा छोटा टेम्पो आहे, चाकण ते कराड माल असतो. रस्त्यात लोक हात करतात. मी दोर बांधून पुढच्या गॅरेजपर्यंत सोडतो, डिझेलपुरते दोनशे-तीनशे घेतो. मध्ये एक जण म्हणाला, अपघात झाला तर तू अडकशील. मदत करायची की नाही?
– एक टेम्पोचालक

मदत करत राहा दादा, पण दोर बांधण्याआधी तुमची पॉलिसी एकदा नीट वाचून घ्या. व्यावसायिक वाहनाच्या पॅकेज पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा भाग असतो. बंद पडलेलं एकच वाहन ओढायला त्यात मुभा असते, पण मोबदला न घेता. त्याच मजकुरात हेही असतं की ओढल्या जाणाऱ्या गाडीचं किंवा तिच्यातल्या मालाचं नुकसान कंपनी भरून देणार नाही. म्हणजे तुमच्या दोराला लटकलेली कार दुभाजकावर गेली तर त्या कारची भरपाई तुमच्या विम्यातून मिळत नाही. आणि ते दोनशे रुपये घेतलेले असले, तर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला झालेल्या इजेच्या दाव्यातही कंपनी ‘मोबदला’ या शब्दावर बोट ठेवू शकते. तुम्ही म्हणाल ते डिझेलचे होते. ते पटवत कोर्टाच्या तारखा तुम्हाला कराव्या लागतील. तेवढ्या पैशांत तो धोका घेऊ नका.

काही चालक मला सांगतात की आता मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ते कलम १३४अ. ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यासाठी आहे आणि ते जरूर करा, त्यात तुम्हाला कुणी अडकवणार नाही. बंद गाडी ओढण्याला ते लागू होत नाही.

दोर बांधायचाच असेल तेव्हा मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं लायसन्स बघायला मागा. लोकांना राग येतो, येऊ द्या. त्याच्याशी दोन खुणा आधीच ठरवा, थांबायची आणि हळू व्हायची. हॉर्नवर ठरवू नका, महामार्गावर हॉर्न कुणाचा ते कळत नाही. हात खिडकीबाहेर काढून केलेली खूण बरी. तुमच्या टेम्पोत माल नसेल तर मोठी एसयूव्ही ओढायला जाऊ नका. दीड-दोन टनांची गाडी मागून ढकलायला लागली की रिकामा टेम्पो तिला धरू शकत नाही. आणि निघताना क्लच हळू सोडा, दोर पूर्ण ताणला जाईपर्यंत गाडी नुसती सरकू द्या. दोर तुटतो तो बहुतेक वेळा पहिल्या हिसक्यालाच.

आमची ऑटोमॅटिक गाडी सेल्फ न लागल्यामुळे बंद पडली. ओळखीच्या मेकॅनिकने ती न्यूट्रलला टाकून दोराने गॅरेजपर्यंत, साधारण दहा-बारा किलोमीटर नेली. आता सेल्फ नवा बसवलाय, पण गिअरबॉक्समधून घरघर ऐकू येते. दोन्हींचा संबंध असेल का?
– एक वाचक, नाशिक

गाडी समोर न बघता खात्रीने सांगता येणार नाही, पण संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून, इंजिनाचा जोर मिळणारी चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढली की आतले भाग फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. लिव्हर न्यूट्रलला आहे म्हणून आत सगळं थांबलंय असं नसतं. गाडी चालवणं आता थांबवा. गिअरबॉक्सचं तेल काढून बघायला सांगा. ते जळल्यासारखं काळं असेल किंवा त्यात धातूची चकाकी दिसली तर उत्तर मिळालं. बिल देताना त्या मेकॅनिकशी स्पष्ट बोला. ऑटोमॅटिक गाडी हातात घेणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. अशी ऑटोमॅटिक गाडी पुढून उचलून, मागच्या चाकांवर नेता येते. फोर बाय फोरची चारही चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत. इलेक्ट्रिक गाडी तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवरच घालायची, कारण चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, ती कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो. ज्याला आपण एएमटी म्हणतो, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी, तिच्या आत साधाच गिअरबॉक्स असतो, पण बॅटरी पूर्ण गेली की तो आहे त्या गिअरमध्ये अडकून राहू शकतो. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीतही बॅटरी संपली की ब्रेक सुटत नाही. अशा वेळी दोराने खेचणाऱ्याला थांबवा, चाकं घासत जातात. माहितीपुस्तिकेत ‘गाडी ओढणे’ यावर एखादं पान असतं. कव्हरमधून कधी न काढलेली ती पुस्तिका काढून तेवढं पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ट्रकवाला आला की त्याला दाखवता येतं. चांगला ट्रकवाला त्याचा राग मानत नाही.

वसईत रस्त्यावर पाणी भरलं, गाडी त्यात बंद पडली. पोरांनी बाहेर ओढली आणि म्हणाले, दुसऱ्या गिअरला टाका, ओढता ओढता चालू होईल. मी थांबवलं. बरोबर केलं ना?
– एक वाचिका, वसई

अगदी बरोबर केलंत ताई. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असताना ते फिरवलं, मग सेल्फने असो की ओढून, की पिस्टन वर येताना पाणी दाबायला जातो. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं पाणी काढून, तेल बदलून, साफसफाई करून जे सुटलं असतं ते अख्खं इंजिन खोलण्यावर येतं. साध्या पॉलिसीत पाणी गेल्यावर इंजिन फिरवून झालेलं नुकसान विमा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. कोकणात आणि मुंबईच्या आसपास राहणाऱ्यांनी ते घ्यावं असं मी दर वर्षी सांगतो.

कोरड्या रस्त्यावरही ओढून चालू करायचा खेळ करू नका. इंजिन पकडतं त्या क्षणी मागची गाडी पुढे उसळते, आणि पुढे पाच मीटरवर दुसरी गाडी असते. पाण्यातून काढलेल्या गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, किल्ली फिरवू नका आणि ती फ्लॅटबेडवर घाला.

विम्याचं निघालंच आहे तर, अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजला नेण्याचा खर्च खासगी कारच्या साध्या पॅकेज पॉलिसीत धरलेला असतो, पण त्या मजकुरात मर्यादा १,५०० रुपयांची आहे आणि तो अपघातासाठी आहे. गाडी नुसती बंद पडली तर तो मिळत नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मदत पाठवणारी सेवा, घेतलेली असायला हवी. काही कंपन्या नव्या गाडीबरोबर ती देतात आणि मुदत संपल्याचं मालकाला घाटातच कळतं. मुदत आज बघून घ्या.

गाडी बंद पडली म्हणून रस्त्याच्या कडेला लावून मेकॅनिक आणायला गेलो. परत आलो तर वाहतूक पोलिसांनी उचलून नेलेली. बंद गाडी उचलता येते का? वर पैसेही भरावे लागले.
– एक वाचक, पुणे

येते. कलम १२७ प्रमाणे गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडली, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी असली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती हलवायचा आदेश देऊ शकतो. बंद गाडीमुळे वाहतुकीला धोका होत असेल तर दहा तास थांबायचीही गरज नाही. नेण्याचा खर्च मालकावर. शिवाय बंद गाडीने रस्ता अडवला तर कलम २०१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. तुम्ही तिथे कुणाला ठेवलं असतं, चारही इंडिकेटर चालू आणि काचेवर मोबाइल नंबर लिहिलेला कागद असता, तर बहुधा फोन आला असता. गाडी सोडवताना पावती घ्या, आणि नव्याने पडलेला ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे फोटो काढून लेखी द्या. घरी येऊन तक्रार केली की तो ओरखडा कुणामुळे पडला, हे सिद्ध करत बसावं लागतं.

मी आणि माझी आई समृद्धी महामार्गाने शिर्डीहून परत येत होतो. रात्री गाडी बंद पडली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही गाडीतच दारं लावून बसलो. मदत यायला वेळ लागला. एका क्रेनवाल्याने स्वतःहून येऊन भरपूर पैसे मागितले. अशा वेळी बाईमाणसाने काय करावं?
– एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

ताई, सगळ्यात आधी हे सांगतो की पुढच्या वेळी आईंना गाडीत बसवू नका. गुडघे दुखत असले तरी हळूहळू, डाव्या दाराने, लोखंडी कठड्यापलीकडे घेऊन जा आणि गाडीपासून बरंच मागे, म्हणजे येणारी वाहनं ज्या दिशेने येतात त्या बाजूला, थांबा. गाडीच्या पुढे उभं राहिलं आणि मागून कुणी धडकलं तर तीच गाडी तुमच्या अंगावर येते. समृद्धीवर कारची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. डोळा लागलेल्या ड्रायव्हरने तीन सेकंद उशिरा पाहिलं तर शंभर मीटर गेलेले असतात. बंद गाडीत बसून राहणं सुरक्षित वाटतं, दारं लॉक असतात म्हणून. ती भीती मला कळते, रात्री दोघीच असताना तर फारच. पण त्या रस्त्यावर माणसापेक्षा मागून येणारा कंटेनर जास्त धोक्याचा आहे.

गाडी साथ सोडतेय असं वाटताच इंडिकेटर देऊन, वेग असेपर्यंतच, डावीकडे जितकी बाहेर घेता येईल तितकी घ्या. चारही इंडिकेटर चालू. लाल त्रिकोण नव्या गाडीबरोबर येतो. तो नेऊन ठेवायला रस्त्यावरून चालू नका, कठड्याच्या आड चाला, आणि शहरात ठेवतो तसा दहा पावलांवर ठेवू नका. शंभर मीटर तरी मागे हवा. वारा असेल तर पायाशी दगड लावा. तेवढं जाणं धोक्याचं वाटलं तर त्रिकोण राहू द्या, आधी कठडा गाठा.

मग ११२ ला फोन, आणि महामार्गाच्या फलकावर दिलेल्या मदत क्रमांकावर. तो क्रमांक प्रवासाला निघतानाच टोलनाक्यापाशी फोटो काढून ठेवावा. ११२ ला स्वच्छ सांगा की दोघीच बायका आहोत, सोबत वयस्कर बाई आहे, किलोमीटर अमुक. गस्तीची गाडी यायला मदत होते.

स्वतःहून आलेल्या क्रेनवाल्याशी गाडी हुकला लागण्याआधी बोलायचं. कुठे नेणार, किती किलोमीटर, एकूण किती पैसे, पावती मिळेल का. एकदा चाकं वर गेली की भाव तो सांगेल तो. त्याच्या ट्रकच्या नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवा, तो बघत असतानाच. प्रामाणिक माणूस काही म्हणत नाही. आम्ही स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या ट्रकचा फोटो काढा. त्याच्या केबिनमध्ये बसून जायचं नसेल तर गस्तीच्या पोलिसांना तसं सांगा, जवळच्या इंटरचेंजपर्यंत सोडायची विनंती करा. आणि त्याने ‘दोराने ओढतो, स्वस्तात पडेल’ असं म्हटलं तर सरळ नाही म्हणा. बाकीची वाहनं १२० ने येत असताना पंचविशीने दोन गाड्या दोराला बांधून जाणं हा सौदा कितीही स्वस्त असला तरी करायचा नाही.

मित्राची स्कूटर बंद पडली की आम्ही मागून सायलेन्सरवर किंवा फूटरेस्टवर पाय लावून ढकलत नेतो. सगळेच करतात. यात काही चूक आहे का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

आहे. पाय लावलेला असताना तुमचं अर्ध वजन दुसऱ्याच्या गाडीवर असतं. त्याने खड्डा चुकवायला जराशी वाट बदलली की तुमचा पाय सुटतो, आणि दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी असल्यामुळे पडताना एकमेकांवर पडतात. घोट्याला किंवा गुडघ्याला मार लागतो तो असाच. बंद स्कूटरवर बसलेल्याला रात्री बऱ्याचदा मागचा दिवाही नसतो. पोलिसांनी धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम लावलं तर हुज्जत घालता येणार नाही. आधी पेट्रोल बघा, मग प्लगची टोपी निघालीय का ते बघा, किक असेल तर किक मारा. नाहीच झाली तर उतरून, दोघांनी मिळून, रस्त्याच्या कडेने हाताने ढकला. लांब असेल तर कोल्हापुरात छोटा हत्ती दर चौकात उभा असतो, त्यात स्कूटर उभी करून, पुढचा ब्रेक दोरीने आवळून आणि दोन्ही बाजूंनी बांधून न्या.